उंदराच्या पोटातला उजेड: वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात स्वतः प्रकाश देणाऱ्या बॅक्टेरियांवर लिहिलं होतं आणि जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की हाच प्रकाश वापरून जिवंत प्राण्याच्या शरीरात इन्फेक्शन कुठून कुठे चाललंय ते बाहेरून बघता येतं. त्या एका वाक्यावर इतके प्रश्न आलेत की ह्या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच देतेय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, लांबलेले थोडे छाटलेत, राग मानू नका.

प्रश्न: मी बारावी सायन्सला आहे. मॅडम, उंदीर काही काचेचा नसतो, मग त्याच्या पोटातले बॅक्टेरिया बाहेरून कसे दिसतात? आणि फोटोत उंदराच्या अंगावर लाल, पिवळे, निळे डाग असतात, बॅक्टेरिया खरंच एवढ्या रंगांत चमकतात का?

आधी एक कर. रात्री खोलीत अंधार कर, मोबाइलचा टॉर्च लाव आणि त्यावर बोट घट्ट दाबून धर. बोट लाल दिसेल. टॉर्चचा प्रकाश पांढरा आहे म्हणजे त्यात सगळे रंग आहेत, पण निळा-हिरवा भाग रक्तातल्या हिमोग्लोबिनने शोषून घेतला आणि लाल भाग मांसातून इकडेतिकडे आपटत का होईना पण बाहेर आला. तर शरीर प्रकाशाला पूर्ण बंद नाहीये, थोडा उजेड आरपार जातोच, फक्त तो खूप कमी होतो आणि पसरट होतो. सगळं तंत्र ह्याच गोष्टीवर उभं आहे.

आता बॅक्टेरिया. प्रयोगात जो बॅक्टेरिया वापरायचा, म्हणजे समज साल्मोनेला, तो मुळात चमकत नाही. त्याच्यात दुसऱ्या एका चमकणाऱ्या बॅक्टेरियातले पाच जीन्स टाकतात, लक्स सी, डी, ए, बी आणि ई. ए आणि बी मिळून ल्युसिफरेज नावाचं एन्झाइम बनवतात, आणि सी, डी, ई हे तिघं मिळून त्याला लागणारं इंधन बनवतात, ते एक लांब साखळीचं अल्डिहाइड असतं. ह्या अल्डिहाइडला ऑक्सिजन आणि पेशीत आधीपासून असलेलं एफएमएनएच-टू नावाचं रसायन मिळालं की त्या रिअॅक्शनमधून निळसर हिरवा प्रकाश पडतो, साधारण 490 नॅनोमीटरच्या आसपास. ह्यातली सगळ्यात सोयीची गोष्ट म्हणजे बाहेरून काही द्यावं लागत नाही. काजव्याचं ल्युसिफरेज वापरलं तर दर वेळी प्राण्याला ल्युसिफेरिनचं इंजेक्शन द्यावं लागतं, इथे बॅक्टेरिया स्वतःच इंधनही करतो आणि जाळतोही.

उंदराला भुलीचा वास देऊन झोपवतात, अजिबात उजेड शिरणार नाही अशा काळ्या डब्यात ठेवतात आणि वरून एक सीसीडी कॅमेरा काही सेकंद ते काही मिनिटं नुसता बघत राहतो. हा कॅमेरा खूप थंड ठेवतात, काही मशीनमध्ये उणे 90 अंश सेल्सिअसपर्यंत, कारण कॅमेऱ्याच्या चिपची स्वतःची उष्णतासुद्धा खोटे सिग्नल तयार करते आणि इथे तर एकेक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा एकेक कण, मोजायचाय. आपल्या डोळ्याला त्या डब्यात काहीही दिसणार नाही. आणि ते रंग? ते कॉम्प्युटरने भरलेले असतात. आधी उजेडात उंदराचा साधा ब्लॅक अँड व्हाइट फोटो घेतात, मग अंधारात फोटॉन मोजतात, आणि जिथे जास्त फोटॉन आले तिथे लाल, जिथे कमी तिथे निळा असा नकाशा त्या फोटोवर चढवतात. त्यामुळे असा फोटो बघताना आधी बाजूची पट्टी बघायची, कोणता रंग म्हणजे किती फोटॉन ते तिथे लिहिलेलं असतं. दोन फोटोंची पट्टी वेगळी असेल तर त्यांची तुलना करण्यात काहीच अर्थ नाही, आणि हे बरेच लोक बघतच नाहीत.

प्रश्न: समुद्रातल्या चमकणाऱ्या बॅक्टेरियांचे जीन्स वापरतात असं वाचलं होतं. बरोबर ना?

सुरुवात तिथूनच झाली. 1983 साली एंगेब्रेख्ट, नील्सन आणि सिल्व्हरमन ह्यांनी विब्रिओ फिशरी ह्या समुद्री बॅक्टेरियातले लक्स जीन्स काढून ई. कोलाय मध्ये टाकले आणि ई. कोलाय चमकायला लागला. पण समुद्रातला बॅक्टेरिया थंड पाण्यात राहतो, त्याचं ल्युसिफरेज 30 अंशांच्या वर गेलं की ढेपाळतं. उंदराचं अंग 37 च्या आसपास, म्हणजे तिथे त्याचा काही उपयोग नाही.

म्हणून जमिनीवरचा एक बॅक्टेरिया कामी आला, फोटोऱ्हॅब्डस ल्युमिनेसेन्स. हा मातीतल्या एका सूक्ष्म गोल कृमीच्या आतड्यात राहतो, तो कृमी एखाद्या किड्याच्या अळीत शिरतो आणि तिथे ह्या बॅक्टेरियांना बाहेर टाकतो, मग दोघं मिळून अळीला एक-दोन दिवसांत मारतात आणि मेलेली अळी अंधारात मंद चमकते. ह्याचं ल्युसिफरेज 45 अंशांनासुद्धा तासन्‌तास टिकतं. उंदरांच्या बहुतेक प्रयोगांत आज ह्याचेच जीन्स असतात.

प्रश्न: अमेरिकन यादवी युद्धात शायलोच्या लढाईत सैनिकांच्या जखमा अंधारात चमकत होत्या आणि चमकणाऱ्या जखमा लवकर बऱ्या झाल्या, ते ह्याच बॅक्टेरियामुळे, असं एका व्हिडिओत सांगितलंय. खरं आहे का?

लढाई खरी, 1862 ची. चमकणाऱ्या जखमांची गोष्ट मात्र ऐकीव आहे. 2001 मध्ये दोन शाळकरी मुलांनी सायन्स प्रोजेक्टमध्ये अशी कल्पना मांडली की थंडीत, चिखलात पडून सैनिकांच्या अंगाचं तापमान उतरलं असेल, मग फोटोऱ्हॅब्डस जखमेत तग धरू शकला असेल, आणि हा बॅक्टेरिया दुसऱ्या बॅक्टेरियांना मारणारी रसायनं बनवतो त्यामुळे जखमा सडल्या नसतील. कल्पना फार सुंदर आहे आणि एकेक दुवा नीट जुळवलाय, पण तो अंदाज आहे, सिद्ध झालेलं काही नाही. व्हिडिओवाले हा फरक सांगत नाहीत.

प्रश्न: इन्फेक्शन कुठे आहे हे बघायला रक्त तपासता येतं, अवयव तपासता येतात. मग एवढा खटाटोप करून नवीन काय कळलं? एखादं ठोस उदाहरण द्याल का?

हा प्रश्न मला फार आवडला कारण ह्या तंत्राचं खरं मोल इथेच आहे.

आधीची पद्धत अशी. उंदरांना इन्फेक्शन द्यायचं. पहिल्या दिवशी काही उंदीर मारायचे, त्यांची लिव्हर, प्लीहा, आतडं काढायचं, वाटायचं, पातळ करून प्लेटवर पसरायचं आणि दुसऱ्या दिवशी कॉलन्या, म्हणजे एकेका जिवंत बॅक्टेरियापासून वाढलेले ठिपके, मोजायच्या. तिसऱ्या दिवशी आणखी काही उंदीर, पाचव्या दिवशी आणखी काही. आकडे मिळतात, अगदी चांगले मिळतात, पण दोन अडचणी राहतातच. पहिली म्हणजे पहिल्या दिवशीचा उंदीर आणि पाचव्या दिवशीचा उंदीर वेगळे आहेत. एकाच पिंजऱ्यातल्या दोन उंदरांत इन्फेक्शन वेगळ्या वेगाने जाऊ शकतं, आणि तुम्ही मारलेला उंदीर पुढे बरा झाला असता की आणखी आजारी पडला असता हे कधीच कळत नाही. दुसरी अडचण जास्त मोठी आहे. तुम्हाला जो अवयव महत्त्वाचा वाटतो तोच तुम्ही काढता. जिथे बघायचं डोक्यातच येत नाही तिथे बॅक्टेरिया आरामात बसलेला असला तरी तो सापडत नाही.

1995 मध्ये स्टॅनफर्डमध्ये क्रिस्तोफर काँटॅग, पामेला काँटॅग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चमकणारा साल्मोनेला उंदरांना दिला आणि बाहेरून कॅमेऱ्याने बघितलं. जोरदार रोग करणारा स्ट्रेन (म्हणजे त्याच बॅक्टेरियाचा एक प्रकार) आणि कमकुवत स्ट्रेन ह्यांचा शरीरातला प्रवास वेगळा दिसला, आणि सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक दिल्यावर त्याच उंदरातला उजेड काही तासांत उतरताना दिसला. औषध काम करतंय हे त्याच जिवंत प्राण्यात बघता आलं. ह्या पद्धतीची खरी सुरुवात ह्या पेपरपासून झाली.

पण ठोस उदाहरण हवंय तर लिस्टेरियाचं घ्या. लिस्टेरिया मोनोसायटोजेनिस हा खाण्यातून येणारा बॅक्टेरिया, फ्रीजच्या थंडीतही वाढतो, गरोदर बायकांना आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना फार घातक. कित्येक दशकं ह्याच्यावर काम झालं होतं आणि सगळ्यांना ठाम माहीत होतं की हा पेशींच्या आत शिरून राहणारा प्राणी आहे, लिव्हर आणि प्लीहा ही त्याची घरं. लिव्हर-प्लीहा काढून मोजायचं हीच रीत होती. मग जोनाथन हार्डी, क्रिस्तोफर काँटॅग आणि सहकाऱ्यांनी चमकणारा लिस्टेरिया उंदरांना दिला, तर काही उंदरांच्या पोटावर, वरच्या बाजूला, एक छोटासा पण प्रखर ठिपका. उंदीर तसे ठीकठाक दिसतायत आणि आत हे चाललेलं. उघडून बघितलं तर तो उजेड पित्ताशयातून येत होता. तिथे लिस्टेरिया पेशींच्या आत नव्हता, पित्तातच मोकळा पोहत होता आणि तिथेच वाढत होता. पित्त म्हणजे बऱ्याच बॅक्टेरियांना मारणारं रसायन, आणि हा त्यातच मजेत. हे काम 2004 मध्ये सायन्स मासिकात आलं.

पुढे त्याच गटाने बघितलं की उंदराने खाल्लं किंवा पित्ताशय आकुंचन पावायला लावणारं हॉर्मोन दिलं की पित्ताबरोबर तो उजेड काही मिनिटांत आतड्यात उतरतो. म्हणजे प्रत्येक जेवणाबरोबर बॅक्टेरिया आतड्यात, आणि तिथून विष्ठेवाटे बाहेर जायचा रस्ता मोकळा. टायफॉइडच्या बाबतीत पित्ताशय हा अड्डा असतो हे जुनंच ज्ञान, काही लोक बरे झाल्यावरही वर्षानुवर्षं टायफॉइडचे वाहक राहतात ते ह्याच कारणाने. पण लिस्टेरियाबद्दल कुणाच्या मनात हे नव्हतं. कॅमेऱ्याला आधीपासून काही मत नसतं ना, तो सगळ्या उंदराकडे बघतो, म्हणून हे सापडलं. मला विचाराल तर हे एकच उदाहरण पूर्ण तंत्राच्या बाजूने पुरेसं आहे.

प्रश्न: मी एमएस्सी मायक्रोबायोलॉजी करतोय. जास्त प्रकाश म्हणजे जास्त बॅक्टेरिया असं धरून सीएफयू (प्लेटवर वाढलेल्या कॉलन्यांचा आकडा) मोजायचं काम वाचवता येईल का?

नाही. हे मी स्पष्टच लिहिते कारण ह्या तंत्रातली सगळ्यात मोठी चूक हीच होते, छापून आलेल्या कामातही दिसते.

बघ, कॅमेऱ्यापर्यंत किती फोटॉन पोचले ह्यात तीन-चार गोष्टी मिसळलेल्या असतात. एक खोली. साधारण अंदाज असा की दर सेंटिमीटर मांसामागे सिग्नल दहापट कमी होतो. म्हणजे कातडीखालचे थोडे बॅक्टेरिया पोटात खोलवर असलेल्या खूप बॅक्टेरियांपेक्षा जास्त चमकदार दिसू शकतात. उंदीर छोटा म्हणून हे जमतं तरी. त्यात लक्सचा प्रकाश निळा-हिरवा, जो हिमोग्लोबिन सगळ्यात जास्त खातं, कॅमेऱ्यापर्यंत येते ती त्या प्रकाशाची लालसर शेपटी. काळ्या केसांचा उंदीर असेल तर केसातलं मेलॅनिन आणखी खातं, म्हणून पांढरे उंदीर घेतात किंवा केस काढतात. उंदीर पालथा की उताणा ह्यानेसुद्धा आकडा बदलतो, त्यामुळे दर वेळी त्याच पोझिशनमध्ये ठेवायचा.

दोन, ऑक्सिजन. रॉबर्ट बॉइलने सतराव्या शतकात एअर पंपखाली चमकणारं कुजकं लाकूड ठेवलं, हवा काढली तर चमक गेली, हवा सोडली तर परत आली. त्याला ऑक्सिजन म्हणजे काय हेसुद्धा माहीत नव्हतं, पण आपल्याला जे सांगायचंय ते त्याने दाखवून ठेवलंय. आतड्याच्या पोकळीत ऑक्सिजन जवळजवळ नसतो, गळूच्या मध्यभागीही फार कमी असतो. तिथे बॅक्टेरिया लाखोंनी असतील आणि उजेड नाममात्र. क्लॉस्ट्रिडियमसारख्या ऑक्सिजन न चालणाऱ्या बॅक्टेरियांसाठी तर ही पद्धत जवळपास बादच.

तीन, बॅक्टेरियाची तब्येत. ही रिअॅक्शन पेशीची ऊर्जा खाते. जोमात वाढणारा बॅक्टेरिया भरपूर चमकतो, उपाशी किंवा सुस्तावलेला मंदावतो, मेलेला बंद. आता अँटिबायोटिक दिल्यावर उजेड गेला तर त्याचा अर्थ बॅक्टेरिया मेले असा असू शकतो, किंवा ते जिवंत आहेत पण झोपी गेलेत असाही असू शकतो, आणि औषध थांबवलं की परत उठतील. कॅथेटरवरच्या (शरीरात घातलेल्या नळीवरच्या) बायोफिल्ममध्ये, म्हणजे चिकटून बसलेल्या बॅक्टेरियांच्या थरात, ही भीती खरीच असते. उजेड शून्य झाला म्हणजे रोग बरा, असं कधीही लिहू नकोस.

चार, जीन्स कुठे आहेत. प्लाझ्मिडवर, म्हणजे क्रोमोझोमपासून वेगळ्या असलेल्या डीएनएच्या छोट्या गोल तुकड्यावर, असतील तर उंदराच्या आत, जिथे तुझं सिलेक्शनचं (प्लाझ्मिड नसलेल्यांना मारणारं) अँटिबायोटिक नाही, तिथे बॅक्टेरिया ते प्लाझ्मिड टाकून देतात आणि मग न चमकणारी पिढी वाढते, तुला वाटतं इन्फेक्शन उतरलं. म्हणून ट्रान्सपोझॉनने, म्हणजे डीएनएत दुसरीकडे जाऊन बसू शकणाऱ्या तुकड्याने, जीन्स क्रोमोझोममध्येच बसवतात. आणि स्टॅफिलोकोकस ऑरियससारखा ग्रॅम पॉझिटिव्ह (जाड पेशीभिंतीच्या गटातला) असेल तर मूळचे जीन्स जसेच्या तसे चालत नाहीत, त्यांच्या आधीचे रायबोसोम पकडणारे सिग्नल बदलावे लागतात, 2000 साली केव्हिन फ्रान्सिस आणि सहकाऱ्यांनी ते करून दाखवलं.

मग करायचं काय? तर उजेडाला पत्ता आणि दिशा समज. कुठे आहे आणि त्याच उंदरात कालपेक्षा वाढतंय की कमी होतंय, ह्यासाठी तो उत्तम. आकड्यासाठी प्रयोगाच्या शेवटी आणि मध्ये एक-दोनदा प्लेट कर, त्याच अवयवाचा उजेड आणि सीएफयू शेजारी शेजारी मांड, तुझ्या बॅक्टेरियासाठी, तुझ्या अवयवासाठी दोघांचं नातं किती सरळ आहे ते दाखव. दुसऱ्याच्या पेपरमधलं नातं उचलू नकोस. आणि इन्फेक्शन न दिलेला उंदीर दर वेळी शेजारी ठेव, कारण अगदी स्वच्छ उंदरातूनही थोडा पार्श्वभूमीचा प्रकाश येतोच.

हे सगळं वाचून घाबरू नकोस. मेहनत आहे पण ती केली की जे दिसतं ते दुसऱ्या कुठल्या मार्गाने दिसत नाही.

प्रश्न: जीएफपी (प्रकाश मारला की हिरवं चमकणारं प्रोटीन) का वापरत नाहीत? नोबेल तर त्याला मिळालं.

मिळालं, 2008 मध्ये, शिमोमुरा, चाल्फी आणि त्सिएन ह्यांना, आणि मायक्रोस्कोपखाली जीएफपीला तोड नाही. पण जीएफपी चमकायला बाहेरून प्रकाश मारावा लागतो. तो निळा प्रकाश आधी मांसात शिरताना कमी होतो, मग हिरवा प्रकाश बाहेर येताना कमी होतो, आणि त्याच निळ्या प्रकाशाने कातडी, केस, पोटातलं अन्न हे सगळंच थोडंथोडं चमकायला लागतं. लक्समध्ये पूर्ण काळोख असतो, त्यामुळे जे दिसतं ते जवळपास फक्त बॅक्टेरियाचं. शिवाय जीएफपी हे टिकाऊ प्रोटीन, बॅक्टेरिया मेला तरी काही काळ चमकत राहू शकतं. म्हणून शरीराच्या आत लक्स, आणि काढलेल्या अवयवाचा पातळ काप मायक्रोस्कोपखाली बघायचा असेल तर जीएफपी. काही लोक एकाच बॅक्टेरियात दोन्ही बसवतात. लक्स मायक्रोस्कोपला फार मंद पडायचं, पण 2018 मध्ये जर्मनीत गॉटिंगेनच्या गटाने जीन्समध्ये बदल करून सातपट प्रखर आयलक्स बनवलं, त्याने एकेकटा बॅक्टेरियाही दिसतो.

प्रश्न: तुम्ही हे सगळं फार कौतुकाने लिहिता, पण उंदरांना मुद्दाम आजारी पाडायचं हे मला वाचवत नाही. त्यांच्याबद्दल एक ओळ तरी लिहायला हवी होती.

हवी होती, तुमचं म्हणणं मला मान्य आहे.

उंदरांना आजारी पाडलं जातं हे खरं आहे आणि ते गोड शब्दांत झाकण्यात अर्थ नाही. 1959 मध्ये रसेल आणि बर्च ह्यांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी तीन गोष्टी सांगितल्या, प्राण्याऐवजी दुसरं काही वापरता येतं का बघा, वापरावेच लागले तर कमीत कमी वापरा, आणि त्यांचा त्रास कमी करा. आज जगभरात एथिक्स कमिट्या ह्याच तीन गोष्टी विचारतात. ह्या तंत्राने पहिली गोष्ट होत नाही. दुसरी होते आणि चांगली होते. समजा पाच वेगवेगळ्या दिवशी बघायचंय आणि दर दिवसाला पाच उंदीर लागतात, तर जुन्या पद्धतीने पंचवीस उंदीर मारावे लागतात, कॅमेऱ्याने तेच पाच उंदीर पाचही वेळा बघता येतात. तिसरीही काही प्रमाणात होते, इन्फेक्शन कुठवर गेलंय ते उंदीर गळपटायच्या आधीच दिसतं, त्यामुळे प्रयोग कुठे थांबवायचा ते लवकर ठरवता येतं, त्याची वेदना लांबत नाही. पण थांबवायचं ते माणसानेच, कॅमेरा थांबवत नाही. एखाद्या लॅबने हे मशीन घेतलं आणि उंदरांची संख्या तेवढीच ठेवली तर त्यांना त्याबद्दल विचारलंच पाहिजे.

उंदरांऐवजी मेणाच्या किड्याच्या अळ्यांमध्येही चमकणारे बॅक्टेरिया वापरतात. अळीची प्रतिकारशक्ती आपल्यासारखी पूर्ण नसते, तरी औषधांची पहिली चाळणी तिथे लावता येते.

प्रश्न: माणसात हे कधी करता येईल? माझ्या वडिलांच्या गुडघ्यातल्या इम्प्लांटला इन्फेक्शन झालं होतं आणि ते नेमकं कुठे आहे हे कळायला खूप वेळ गेला.

तुमच्या वडिलांनी आणि तुम्ही जे सोसलं त्याची मला कल्पना आहे, इम्प्लांटचं इन्फेक्शन शोधणं खरोखर अवघड असतं. पण सरळ उत्तर द्यायचं तर ह्या पद्धतीने माणसात शोधता येणार नाही. चमकण्याचे जीन्स आपण आधी बॅक्टेरियात घातलेले असतात. पेशंटच्या गुडघ्यात जो बॅक्टेरिया स्वतःहून आलाय त्यात ते नसतातच. आणि माणसाचा गुडघा उंदराच्या पोटापेक्षा कितीतरी जाड.

तरी त्यांच्यासारख्यांना ह्याचा फायदा दुसऱ्या वाटेने होतो. इम्प्लांटवर किंवा कॅथेटरवर साचलेल्या बायोफिल्मवर कुठलं औषध, किती दिवस, कुठल्या जोडीने द्यावं हे उंदरांत चमकणाऱ्या स्टॅफिलोकोकसवर बघता येतं, त्याच उंदरात औषध थांबल्यावर उजेड परत येतो का ते बघता येतं.

आणि शरीराच्या बाहेर तर पेशंटच्या बॅक्टेरियालाही चमकवता येतं. टीबीचा बॅक्टेरिया इतका सावकाश वाढतो की प्लेटवर कॉलनी दिसायलाच कित्येक आठवडे जातात, मग औषध लागू पडतंय की नाही हे कळायला आणखी उशीर. 1993 मध्ये विल्यम जेकब्ज आणि सहकाऱ्यांनी बॅक्टेरियावर जगणाऱ्या व्हायरसमध्ये, म्हणजे फाजमध्ये, काजव्याचा ल्युसिफरेज जीन घातला. हा फाज टीबीच्या बॅक्टेरियात शिरला की बॅक्टेरिया चमकतो. आता त्याला आधी औषध द्या. औषधाने बॅक्टेरिया मेला तर उजेड नाही, रेझिस्टंट असेल तर तो चमकतच राहतो, आणि हे दिसायला आठवडे थांबावं लागत नाही. इथे लक्स नव्हतं, उंदीर नव्हता, पण कल्पना तीच, जिवंत असेल तरच उजेड.

प्रश्न: झाडांमध्येही करता येतं का?

येतं, आणि गंमत म्हणजे ते उंदरांच्या आधी झालं. 1986 मध्ये शॉ आणि कॅडो ह्यांनी विब्रिओचे लक्स जीन्स वनस्पतींना रोग करणाऱ्या बॅक्टेरियांत घातले आणि झाड न कापता रोग कसा पसरतोय ते बघितलं. झाडं उंदरासारखी 37 अंशांवर नसतात, त्यामुळे समुद्री जीन्सही चालून गेले. पान पातळ असतं, हिमोग्लोबिन नसतं, त्यामुळे शिरांमधून सरकणारा उजेड स्वच्छ दिसतो. फक्त हिरव्या पानाला उजेडातून काढून लगेच डब्यात ठेवलं तर क्लोरोफिल स्वतःच थोडा वेळ मंद चमकत राहतं, म्हणून आधी काही मिनिटं पान अंधारात तसंच ठेवायचं आणि मग मोजायला सुरुवात करायची.

प्रश्न: बाहेरचे पाच जीन्स टाकले तर तो बॅक्टेरिया मूळचा राहिला का? तो कमजोर होत असेल तर त्याच्यावरून काढलेले निष्कर्ष कसे धरायचे?

अगदी बरोबर शंका. चमकायला ऊर्जा लागते, आणि ती कुठूनतरी जातेच. शिवाय ट्रान्सपोझॉन कुठे जाऊन बसला ह्यावर बरंच अवलंबून असतं, एखाद्या महत्त्वाच्या जीनच्या मधोमध बसला तर बॅक्टेरियाचा स्वभावच बदलतो. म्हणून चमकणारा स्ट्रेन तयार झाला की त्याला मूळ स्ट्रेनच्या शेजारी वाढवून बघतात, वाढीचा वेग सारखा आहे का, आणि मग दोघांना एकत्र मिसळून एकाच उंदराला देतात आणि शेवटी प्लेटवर कोण किती उरला ते मोजतात. मूळ स्ट्रेनने चमकणाऱ्याला मागे टाकलं तर तो स्ट्रेन बाजूला ठेवायचा आणि दुसऱ्या जागी जीन्स बसलेला निवडायचा. काही स्ट्रेनमध्ये फरक जवळजवळ पडत नाही, काहींमध्ये चांगलाच पडतो, आधी सांगता येत नाही. एखादा पेपर वाचताना मी ही तुलना शोधते, ती केलेली नसेल तर त्यातला फोटो कितीही सुंदर असला तरी मी तो माझ्या विद्यार्थ्यांना दाखवत नाही.